मावळ्यांचा मुक्काम

भाऊबीज झाली की अंगणातला किल्ला मोडतो आणि त्यावरची चित्रं हाताला येईल त्या खोक्यात जातात. पुढच्या दिवाळीत खोकं उघडावं, तर कुणाचा भाला गेलेला, कुणाच्या घोड्याचा मागचा पाय. मग नाशिकच्या मेन रोडवर नवी खरेदी. अशी वर्षानुवर्षं चित्रं साठत जातात. आजोबांच्या वेळचा मातीचा पहारेकरी आणि नातवाचा प्लॅस्टिकचा गोलंदाज एकाच खोक्यात दाटीवाटीने पडून राहतात. हा घराचा संग्रह आहे आणि तो संग्रहासारखाच जपला पाहिजे.

पहिली वाटणी करायची ती कोण कशाचा आहे ते पाहून. कच्च्या मातीच्या चित्राला ओल लागली की त्याचा चिखल व्हायला वेळ लागत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचं चित्र मजबूत वाटतं, पण तेही धुऊ नये. कोरड्या मऊ ब्रशने झटकावं. त्याचं खरं दुखणं आत असतं. हात आणि भाला टिकावा म्हणून पुष्कळदा साच्यात लोखंडी तार घातलेली असते. पावसाळ्यात ओल झिरपत तारेपर्यंत पोचते, तार गंजते, गंज फुगतो आणि बरोबर खांद्यापाशी चीर पडते. रंगावर तपकिरी डाग दिसला, तर ते चित्र लगेच कोरड्या जागी वेगळं ठेवावं.

मऊ प्लॅस्टिकची तऱ्हा निराळी. त्याला मऊपणा देणारं द्रव्य काही वर्षांनी वर येतं, खेळणं चिकट होतं आणि शेजाऱ्याचा रंग ओढून घेतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं गुंडाळावं, तेही जुन्या सुती साडीच्या तुकड्यात. वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगावर उतरते. डांबराच्या गोळ्या तर नकोतच, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना बाधते.

नाशिकमध्ये खोक्यांना तोटा नाही. मात्र निर्यातीच्या द्राक्षपेटीत ग्रेप गार्डचा कागद राहिलेला असू शकतो. ओलसर हवेत त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षाला बुरशीपासून वाचवणारा हा वायू पत्र्याच्या तलवारीला आणि रंगाला मात्र मारक ठरतो. कागद काढून पेटीला चांगली उन्हं द्यावीत, मगच ती वापरावी. जड चित्रांसाठी मला टोमॅटोचं कॅरेटच पसंत आहे: एकावर एक नीट बसतं, वरचा भार आतल्या चित्रांवर येत नाही, जाळीतून हवा खेळते. ते माळ्यावर टाकू नये. स्लॅबखाली वैशाखात भट्टी असते आणि आषाढात गळती. कपाटाचा खालचा कप्पा बरा, जमिनीपासून चार बोटं वर.

दुसरी वाटणी प्रसंगाची. पेटीवर नुसतं ‘मावळे’ लिहून भागत नाही. आपल्याच जिल्ह्यात 1672 च्या लढाईचा साल्हेर आहे, 2025 साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शहराजवळच रामशेज आहे; 1682 पासून त्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. रामशेजच्या पेटीत तटावरचे पहारेकरी आणि ज्यांची गोष्ट अजून सांगतात त्या लाकडी तोफा ठेवाव्यात. साल्हेरच्या पेटीत मोकळ्या मैदानातले घोडेस्वार. म्हणजे एका दिवाळीला एकच पेटी उघडते, बाकीच्यांची उचलाउचल वाचते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही वीस हजारांवर वस्तू आहेत, दालनांत दिसतो तो त्यातला थोडाच भाग.

प्रत्येक चित्राच्या तळाला पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि वहीत नोंद ठेवावी: साल, कुठून घेतलं, कुणी आणलं, काय तुटलं, कशाने जोडलं. दसऱ्याला पेट्या उघडून वही पडताळली की दुरुस्तीला पंधरा-वीस दिवस मिळतात आणि खरेदीची यादीही आपोआप निघते. बहुतेक घरांत तोफा आणि भालेकरी ढिगाने असतात, पण गडाखालच्या वस्तीत कुंभार, वाणी, पाण्याला निघालेल्या बायका कमीच असतात. यंदा तीच चित्रं घ्यावीत.