फासा थांबतो केव्हा?

हुबळीच्या रेल्वे स्थानकावरील मोठा फलाट १५०७ मीटर लांब आहे. त्याच्या एका टोकाला झालेला आवाज दुसऱ्या टोकाशी पोचावयास चार सेकंदांहून अधिक काळ लागतो. ऐकणारा ‘आत्ता झाला’ म्हणतो, तेव्हा तो कधीच होऊन गेलेला असतो. मोबाईलवर ल्यूडो खेळणाऱ्या चौघांची स्थिती अशीच होय. येथील विलंब मात्र बहुधा सेकंदाच्या अंशांत मोजावा लागतो.

ल्यूडो हे आपल्या पचिशीचेच विलायती रूप. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘ल्यूडो किंग’ २०१६ साली निघाला, आणि धारवाडात बसून पुण्याच्या मावसभावाबरोबर डाव मांडणे सोपे झाले. दूरस्थ खेळाडूंच्या अशा डावात दान मोबाईलने ठरवू नये, ते सर्व्हरने, म्हणजे दूरच्या मुख्य संगणकाने, ठरवावे. नाहीतर कोणीही आपल्या यंत्रात फेरफार करून सहावर सहा पाडील! आपण बोट टेकताच निरोप सर्व्हरकडे जातो आणि दान घेऊन परत येतो. तोवर फासा पडद्यावर गरगरत ठेवावयाचा व उत्तर आल्यावरच त्या आकड्यावर स्थिर करावयाचा, ही योजना उत्तम.

खरी अडचण पुढेच आहे. निरोप क्षणार्धात येतो. परंतु सोंगटीला सहा घरे चालून दाखवावयास, समजा, दीड सेकंद लागतो. इतक्यात दुसरा निरोप येतो : ‘ही सोंगटी मारली गेली.’ मोबाईलने तो लागलीच अमलात आणला, तर मुक्कामी न पोचलेली सोंगटीच मेलेली दिसेल, आणि लबाडी कोणाचीही नसता भांडण जुंपेल. म्हणून निरोपांना क्रमांक देऊन ते रांगेत उभे करतात. मोबाईल दोन हिशेब ठेवतो : एक खऱ्या डावाचा, दुसरा पडद्यावर दिसणाऱ्या डावाचा. रांग फार वाढली, तर मधली चाल गाळून खरी स्थितीच दाखवणे बरे.

खेळीच्या मुदतीचे काय? सर्व्हरने ती निरोप धाडताच मोजावयास घेतली, तर सोंगट्यांची चाल पाहण्यात खेळाडूची काही सेकंदे फुकट जातात. ‘चाल दाखवून झाली’ असे प्रत्येक मोबाईलने कळवीपर्यंत थांबावे, तर एक मंद यंत्र चौघांचा खोळंबा करील. चालीला लागणारा वेळ सर्व्हरने आधीच हिशेबात धरून मुदत तेवढी वाढवावी, हे मला अधिक न्याय्य वाटते.

धावपळीच्या खेळांत मात्र इतके थांबून चालत नाही. १९९६ साली जॉन कारमॅक यांनी ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये निराळी युक्ती योजिली : खेळाडूचे पाऊल त्याच्या पडद्यावर तत्काळ टाकावयाचे, आणि सर्व्हरचे उत्तर निराळे आले तर मागाहून दुरुस्त करावयाचे. पावलाचा अंदाज बांधता येतो, फाशाचा येत नाही. म्हणून ल्यूडोच्या दानाला ही युक्ती लागू पडत नाही. धावता धावता आपला गडी एकाएकी चार पावले मागे ओढला गेलेला दिसतो, तो पुष्कळदा याच दुरुस्तीमुळे.