बंदूक, परवाना आणि काडतुसाचा हिशेब

गोळीबाराची बातमी आली की काही जण म्हणतात, 'परवानेच बंद करा'. काही म्हणतात, 'सगळ्यांनाच परवाने द्या'. दोघांचाही रोख परवान्यावर असतो. गुन्ह्यातलं हत्यार मात्र बहुतेक वेळा बिनपरवाना असतं. म्हणून आधी काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा हक्क आहे.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या राज्यघटनेत तो हक्क आहे, भारताच्या नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक स्पष्ट केला. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार आयुक्तालयात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल पाहून परवाना देतात किंवा नाकारतात. वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक ठेवायची तर मुलाला स्वतःचा परवाना काढावा लागतो.

गैरसमज : परवान्याच्या बंदुका हेच हिंसेचं मूळ.
वस्तुस्थिती : 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते; महाराष्ट्रात जेमतेम 84 हजार. कोकणातला शेतकरी रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी बंदूक ठेवतो आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बंदुकीने झालेल्या खुनांपैकी बहुसंख्य खून बिनपरवाना हत्यारांनी झालेले असतात. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संशोधन संस्थेच्या 2017 च्या अंदाजाने भारतात नोंद नसलेली हत्यारं सहा कोटींहून जास्त आहेत.

गैरसमज : गोळी सापडली की पोलीस लगेच मालकापर्यंत पोहोचतात.
वस्तुस्थिती : कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर क्रमांक असतो, परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात असते. गावठी कट्ट्याला ना क्रमांक, ना नोंद. झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीवर उमटलेल्या खुणा प्रयोगशाळेत ताडता येतात खऱ्या, पण त्यासाठी संशयित हत्यार आधी हाती लागावं लागतं.

गैरसमज : कट्टे बनतच राहणार, त्याला इलाज नाही.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्या चोपड्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात कट्टे घडवले जातात आणि तिथून आपल्या शहरांत येतात. पण कट्टा भट्टीवर घडला, तरी त्यातलं काडतूस सहसा कारखान्याचं असतं. गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या पुंगळ्यांवर अनेकदा 'केएफ' ही अक्षरं असतात. ती पुण्याच्या खडकी कारखान्याची खूण. कायदेशीर विकलेलं काडतूस वाटेत कुठेतरी वळवलं जातं आणि कट्ट्यात जातं. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने उत्पादकापासून खरेदीदारापर्यंत शस्त्रं आणि काडतुसं दोन्हींचा माग ठेवण्याची तरतूद केली ती याचसाठी.

गैरसमज : लग्नात हवेत बार काढणं निरुपद्रवी आहे.
वस्तुस्थिती : वर गेलेली गोळी खाली येतेच आणि गर्दीत नेम चुकायलाही वेळ लागत नाही. परवाना असला तरी या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाने कमी करावेत की वाढवावेत, हा वाद चालू राहील. पण काडतूस विक्रेत्याची नोंदवही प्रत्येक परवान्याशी ताडून पाहिली जावी, ही मागणी दोन्ही बाजूंनी आजच करायला हवी. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती कुलपात ठेवावी, चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांना कळवावं आणि एकही काडतूस कुणाला उसनं देऊ नये. कट्ट्याला काडतूस मिळालं नाही, तर तो नुसता लोखंडाचा तुकडा आहे.