कर्करोग : पेशीतील बिघाडापासून गाठीपर्यंत
(सुरतमधील मावा-गुटख्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
'कर्क' म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. अरबी-उर्दूतील 'सरतान' व मराठीतील 'कर्करोग' हे शब्दही त्याच अर्थाचे आहेत. या नावामुळे रोग बाहेरून येऊन शरीराला पकडतो, असा समज होतो. वस्तुतः तो शरीराच्या स्वतःच्याच पेशींपासून, बहुधा अनेक वर्षांत तयार होतो.

पेशीत काय घडते?
शरीरातील जुन्या पेशी मरतात व विभाजनाने नव्या पेशी त्यांची जागा घेतात. विभाजन केव्हा करायचे व केव्हा थांबवायचे, याच्या सूचना डीएनएतील जनुकांत असतात. काही जनुके वाढीला चालना देतात, काही तिला लगाम घालतात, तर काही डीएनएतील चुका दुरुस्त करवून घेतात. एखाद्या बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. मात्र एकाच पेशीच्या वंशात असे अनेक बिघाड साचले, की वाढ अनिर्बंध होते. साधी गाठ आपल्या जागी राहते. कर्कपेशी शेजारच्या भागात घुसतात आणि रक्त व लसिकेवाटे दूर जाऊन नव्या गाठी निर्माण करतात.

तोंडाचा कर्करोग :
सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडउद्योगावर जगतात. येथे पानाच्या गल्ल्यावर सुपारी, तंबाखू व चुना चोळून मावा दिला जातो. तंबाखूतील नायट्रोसामाइन्स डीएनएला इजा करतात. चुना व सुपारी गालाच्या आतील त्वचेला सतत डिवचतात. इजा भरून काढण्यासाठी पेशी पुनःपुन्हा विभागतात आणि चुकांची शक्यता वाढते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू नसलेली सुपारी निर्धोक, हा समजही चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सुपारीमुळे गालाच्या आत ताठ तंतू साचतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. हा 'सबम्युकस फायब्रोसिस' तरुणांतही आढळतो व त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

शिक्षकांची भूमिका :
पोटातील वा फुप्फुसातील बिघाड डोळ्यांना दिसत नाही, तोंडातील दिसतो. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्वतःची तीन बोटे उभी न मावण्याइतके कमी उघडणारे तोंड, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथे अशी तपासणी घरोघरी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

गुजरातेत २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तथापि सुपारी व तंबाखू वेगवेगळी घेऊन मावा करणाऱ्याला कायदा एकटा अडवू शकत नाही.

निष्कर्ष :
कर्करोग एका दिवसात होत नाही, म्हणूनच त्याला वाटेत अडवता येते. सवय सुटली की नवे बिघाड कमी होतात. चट्टा वेळीच ओळखला की उपचार सोपे होतात. वर्गात तोंड पुरते न उघडणारा विद्यार्थी शिक्षकाला रोज दिसत असतो. त्याला रागावण्यापेक्षा तपासणीस पाठविणे अधिक मोलाचे आहे.