पोस्टफिक्स ‘हॅश’ ओळखेना? आधी लॉग बघा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून परवा फोन आला, "सर, सकाळपासून मेल येईनात. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग अडकलंय."

सर्व्हर नुकताच अल्मालिनक्स १० वर नेलेला. लॉगमध्ये ओळ समोरच होती: ‘अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप: हॅश’.

पोस्टफिक्स आपले पत्त्यांचे तक्ते वर्षानुवर्षं बर्कले डीबीत ठेवायचा. सेटिंगमधलं ‘हॅश:’ म्हणजे तेच. २०१३ मध्ये ओरॅकलनं तिचं लायसन्स एजीपीएल केलं आणि लिनक्सवाले हळूहळू तिच्यापासून लांब सरकले. रेड हॅट १० मध्ये ती नाहीच, म्हणून अल्मातही नाही.

‘पोस्टकॉन्फ -एम’ चालवा, कुठले प्रकार चालतात ते दिसेल. यादीत एलएमडीबी (बर्कले डीबीऐवजी वापरायचा तक्त्यांचा प्रकार) असेल तर मेन डॉट सीएफमध्ये ‘हॅश:’च्या जागी ‘एलएमडीबी:’ लिहा. मग प्रत्येक तक्त्यावर ‘पोस्टमॅप’, एलियससाठी ‘न्यूएलियसेस’, आणि रीस्टार्ट. जुन्या डीबी फाइलींच्या मागं लागू नका. मूळ यादी साध्या टेक्स्टमध्येच असते, नवी तिच्यातूनच बनते.

तोवर आलेल्या मेलचं काय? तक्ता वाचता आला नाही की पोस्टफिक्स ४५१ हा कोड देतो, म्हणजे तात्पुरता नकार. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर एरवी ५ दिवस.

"मग मायएसक्यूएलच टाकूया की!" असंही फौंड्रीवाले म्हणाले. चाळीस-पन्नास खात्यांसाठी? उगाच व्याप. ती बसली की मेलही बसणार. डोमेन बरेच असतील आणि खाती पॅनेलवरून रोज बदलत असतील, तरच घ्या. तेव्हाही पुढं ‘प्रॉक्सी:’ लावा, म्हणजे कनेक्शनं वाटून वापरली जातात.

तुमच्याकडं वेगळी एरर येत असेल तर लॉगमधली ओळ खाली टाका. पासवर्ड तेवढा खोडून!