सात आणि शपथ : बैरशेबा या नावाचा अर्थ

‘दानपासून बैरशेबापर्यंत’ हा शब्दप्रयोग जुन्या करारात वारंवार येतो. दान हे देशाचे उत्तर टोक, तर बैरशेबा हे दक्षिण टोक. त्यापलीकडे नेगेबचा रुक्ष प्रदेश पसरलेला आहे. बैरशेबाच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा भूमीत मेंढपाळाचे सारे वैभव एका विहिरीवर अवलंबून असते, आणि म्हणूनच या गावाच्या नावाचा आरंभही विहिरीपासूनच होतो.

हिब्रू भाषेत या नावाचा उच्चार ‘बेएर शेवा’ असा होतो. त्यांपैकी ‘बेएर’ म्हणजे खणलेली विहीर, याविषयी वाद नाही. लेबनॉनच्या बैरूत या राजधानीचे नावही ‘विहिरी’ अशा अर्थाच्या याच कुळातील शब्दापासून आले आहे. प्रश्न आहे तो ‘शेवा’ या दुसऱ्या पदाचा. या शब्दाचा सरळ अर्थ ‘सात’ असा आहे. परंतु शपथ घेणे या अर्थाच्या क्रियापदातही हीच तीन व्यंजने येतात. तेव्हा ही सातांची विहीर की शपथेची?

उत्पत्तीच्या पुस्तकात या नावाच्या दोन कथा आहेत. पहिली एकविसाव्या अध्यायात येते. अबीमलेख राजाच्या चाकरांनी अब्राहामाची विहीर बळकावली. अब्राहामाने राजाकडे तक्रार केली. राजाने आपणांस हे ठाऊक नसल्याचे सांगितले. मग अब्राहामाने मेंढ्यांच्या सात माद्या वेगळ्या काढल्या आणि विहीर आपणच खणली याची साक्ष म्हणून त्या राजाला स्वीकारावयास लावल्या. त्यानंतर दोघांनी शपथ वाहिली. कथेत सातही आहेत आणि शपथही आहे; निवेदक मात्र नावाचे कारण म्हणून शपथेचाच निर्देश करतो.

दुसरी कथा सव्विसाव्या अध्यायात अब्राहामाचा पुत्र इसहाक याच्यासंबंधी आहे. पित्याच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. त्या त्याने पुन्हा उपसल्या व त्यांना जुनीच नावे दिली. त्याने नव्या विहिरी खणल्या, तेव्हा गरारच्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगितला. म्हणून एकीचे नाव पडले ‘कलह’, दुसरीचे ‘वैर’. तिसरीवर भांडण झाले नाही. तिला ‘मोकळी जागा’ असे नाव मिळाले. शेवटी अबीमलेखाशी शपथपूर्वक सलोखा झाला, आणि त्याच दिवशी चाकरांनी पाणी लागल्याची वार्ता आणली. इसहाकाने त्या विहिरीचे नाव ‘शिबा’ ठेवले.

सात आणि शपथ यांचा हा संबंध केवळ योगायोगाचा नसावा. शपथ घेणे म्हणजे मुळात ‘स्वतःला सातांनी बांधून घेणे’, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरॉडॉटस याने अरबांच्या करारविधीचे वर्णन केले आहे. त्यात दोन्ही पक्षांच्या तळहातांवर धारदार दगडाने छेद देऊन ते रक्त मध्ये ठेवलेल्या सात दगडांना लावीत. अहरोनाच्या पत्नीचे नाव एलिशेवा होते. एलिझाबेथ हे नाव त्यापासूनच आले, आणि त्यातही हेच पद आहे.

भाषांतरकारांपुढे हा प्रश्न प्राचीन काळीच उभा राहिला. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील ग्रीक भाषांतरात दोन्ही कथांच्या अखेरीस ‘शपथेची विहीर’ असा अर्थ दिला आहे. इ.स. ४०० च्या सुमारास लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने इसहाकाच्या विहिरीला मात्र ‘विपुलता’ म्हटले. हिब्रू लिपीत ‘श’ आणि ‘स’ या ध्वनींना एकच अक्षर आहे. त्यांतील भेद दाखविणारा बिंदू जेरोमच्या काळी अद्याप रूढ झालेला नव्हता. ‘स’ वाचल्यास तृप्तीचा अर्थ निघतो. अरबीत हेच गाव ‘बीर अस्-सबा’ म्हणून ओळखले जाते. तेथे सातांबरोबरच त्याच व्यंजनांचा ‘सबु’, म्हणजे सिंह, हा शब्दही लोकांच्या कानी पडतो.

आधुनिक शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर तेल शेवा ही प्राचीन टेकडी आहे. योहानान अहारोनी यांच्या नेतृत्वाखाली १९६९ पासून तेथे उत्खनन झाले. वेशीबाहेर सुमारे ६९ मीटर खोल विहीर सापडली. तिच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि ती अब्राहामाचीच असे म्हणण्यास आधार नाही. तथापि एवढ्या खोल खडक फोडणाऱ्या माणसांना पाण्याचे मोल काय होते, हे ती निःसंशय सांगते.

स्थलनामाच्या कथेवरून नाव प्रथम कसे पडले हे सिद्ध होत नाही. ते नाव उच्चारणाऱ्यांना त्यात काय ऐकू येत होते, एवढे मात्र कळते. बैरशेबाच्या बाबतीत सात आणि शपथ यांतून एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. सात मेंढ्या ही साक्ष होती, शपथ हे बंधन होते, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : हे पाणी कोणाचे?