माहिती चौकट : श्रद्धेने जा, संस्थेबरोबर जा

श्रद्धेपोटी निघालेले वैद्यकीय पथक आपत्तीत खरे उपयोगी पडते ते त्याच्यामागे कायमची रुग्णसेवा उभी असेल तरच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपाने दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हा ढिगारे आधी उपसले ते गावकऱ्यांनीच. जीव वाचवण्याचे पहिले तास बाहेरच्या स्वयंसेवकाचे प्रवासातच जातात. तो पोहोचतो तेव्हा समोर असतात चिघळलेल्या जखमा, दूषित पाणी, मधुमेह-रक्तदाबाची खंडित औषधे आणि खचलेली मने. म्हणून लखनौच्या जानकीपुरममधून जाऊ इच्छिणाऱ्याने स्वतंत्र गाडी काढण्याआधी त्याच शहरात, निरालानगरात, रुग्णालय चालवणाऱ्या रामकृष्ण मिशनसारख्या संस्थेकडे विचारणा करावी. मिशनचे मदतकार्य १८९७ च्या मुर्शिदाबादमधील दुष्काळापासूनचे आहे.

मदतीआडून धर्मप्रसार होतो, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र त्यावर उपाय बंदी नव्हे, नियम. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत, मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी करू नये, असे कलमच आहे. रुग्णाजवळ प्रार्थना व्हावी ती त्याने मागितली तरच. संस्थेमार्फत जाताना परवानगीत वेळ जातो, हेही खरे. पण २००१ च्या भूकंपात भूजचे सरकारी रुग्णालयच कोसळले होते. अशा ठिकाणी न कळवता आलेले पथक थकलेल्या स्थानिकांवर आपल्याच जेवणा-निवाऱ्याचा भार टाकते. तेव्हा संस्थेकडे नावनोंदणी आणि धनुर्वाताची लस आजच उरकून घ्या.