बाबा नक्की किती वर्षांचे?

नेटवर वय मोजायचं कॅल्क्युलेटर असतं ना? जन्मतारीख टाकली की आपण कुठल्या वारी जन्मलो, आजवर किती दिवस जगलो, कुठल्या सेलिब्रिटीचा बर्थडे आपल्याच दिवशी, असं सगळं सांगणारं. टाइमपास म्हणून झकास! गेल्या दिवाळीत राजुऱ्याला घरी गेले, तेव्हा मी अख्ख्या घराला त्यात बसवलं. आणि पंचाईत झाली.

आधी बाबा. १ जुलै १९६२. वार रविवार. बर्थडे पार्टनर वसंतराव नाईक आणि प्रिन्सेस डायना! बाबा जाम खूश. तेवढ्यात आजी आतून म्हणाली, "रविवार कायचा? तुया बाप तान्ह्या पोळ्याले झाला. चीनच्या लढाईच्या आधीचा पोळा."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि १९६२ साली तो ऑगस्टच्या अगदी शेवटी आला होता. मग १ जुलै कुठून आली? गुरुजींची कृपा. तेव्हा पहिलीत घालताना जन्मदाखला कोण मागतोय! डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडायच्या. बाबांनी कान धरला, गुरुजींनी १ जुलैपासून बरोब्बर सहा वर्षं मागे मोजली, झालं. तुमच्याही घरात १ जून नाहीतर १ जुलैवाले दोन-तीन काका-मामा असतीलच. विचारून बघा.

आता यात गंमत आहे, तशी मेखही आहे. बाबा सरकारी नोकरीत होते. तिथे ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म १ तारखेचा असेल, तर आधीच्याच महिन्याच्या शेवटी. म्हणजे बाबा ३० जून २०२० ला घरी, ऐन कोरोनात. आजीचा तान्हा पोळा धरला असता तर ३१ ऑगस्टला. दोन महिन्यांचा पगार गेला, शिवाय त्यांची वेतनवाढ १ जुलैची. एका रात्रीने हुकली! ११ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितलं की वर्षभर काम केलं असेल तर ती वाढ कमावलेलीच आहे, दुसऱ्या दिवशी माणूस नोकरीत नसला तरी. ते कात्रण बाबांच्या पाकिटात असतं.

मग आजोबांचा जुना कागद निघाला. जन्मसाल १३४०! कॅल्क्युलेटरने वय दाखवलं सहाशे ऐंशीच्या वर. घरभर हसाहशी. पण कागद खोटा नव्हता. वर्धा नदीपल्याड बल्लारपूर इंग्रजांचं, तर अलीकडे राजुरा १९४८ पर्यंत निजामाचं. त्याच्या कचेऱ्यांत फसली सन चालायचा. वर्ष ऑक्टोबरात सुरू, महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन. फसलीत ५९० मिळवले की आपलं साल. जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१. आजोबांचा महिना बहमन, म्हणजे साधारण डिसेंबर. साल १९३०. पुढे १९५६ मध्ये आमचा तालुका नांदेड जिल्ह्यात गेला, १९५९ मध्ये चांद्यात आला. आजोबा मात्र घरच्या ओट्यावरून हलले नाहीत.

राहिली आजी. तिच्या आधार कार्डावर तारीखच नाही, नुसतं साल, १९३८. कुणी लिहिलं, कशावरून, तिला ठाऊक नाही. म्हटलं, आजी, काहीतरी आठव. ती म्हणाली, "निजाम गेला तवा माहे दुधाचे दात पडत होते."

सप्टेंबर १९४८. दुधाचे दात सहा-सात वर्षांत पडायला लागतात. म्हणजे जन्म १९४१-४२ चा! आजी, तू कागदापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान आहेस, असं सांगितलं, तर पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तिने सगळ्यात आधी हेच सांगितलं.